रात्रीच्या दोन घटका : शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे आकाश

भारतीय ज्योतिषशास्त्राचा पहिला समग्र इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक होते. त्यांच्या नावापुढे विद्यापीठाची पदवी नव्हती, कोणत्याही वेधशाळेतील पद नव्हते आणि आयुष्यही अवघे चव्वेचाळीस वर्षांचे लाभले. तरीही प्राचीन भारतीय कालगणनेचा अभ्यास करणाऱ्या देशोदेशीच्या विद्वानांना त्यांचे नाव सव्वाशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. त्याच दीक्षितांनी सामान्य मराठी वाचकासाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘ज्योतिर्विलास’ आणि उपनाव ‘रात्रीची दोन घटका मौज’.

घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून किंचित अधिक. दिवसभराच्या कामातून मोकळ्या झालेल्या माणसाने रात्री एवढाच वेळ आकाशासाठी काढावा, एवढी माफक अपेक्षा त्या नावात आहे. अलीकडे मनःस्वास्थ्यासाठी रोज थोडे चालावे, ऋतूंकडे लक्ष द्यावे, आकाशाची छायाचित्रे टिपावीत आणि जे सहज मिळाले आहे त्याची जाणीव ठेवावी, असे आवर्जून सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका मराठी शिक्षकाने हीच गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितली होती. तिच्यामागे आयुष्यभराचे निरीक्षण आणि गणित उभे होते, हे तिचे वेगळेपण.

मुरूड ते पुणे

दीक्षित यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गावही हेच. पश्चिमेला समुद्र असलेल्या या गावात सूर्यास्ताची जागा वर्षभरात क्षितिजावर कशी सरकते, हे कोणत्याही साधनावाचून दिसते. हिवाळ्यात सूर्य डावीकडे, दक्षिणेच्या बाजूला बुडतो, तर उन्हाळ्याच्या शेवटी तो बराच उत्तरेकडे सरकलेला असतो. उत्तरायण आणि दक्षिणायन हे शब्द तेथे डोळ्यांना दिसतात.

शिक्षणाचा प्रारंभ गावच्या शाळेतच झाला. पुढे १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. शिक्षक घडविणाऱ्या या संस्थेतील अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली आणि त्यानंतर शाळाखात्याची नोकरी हेच त्यांचे जीवन झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या गावी त्यांनी अध्यापन केले. १८९४ च्या सुमारास ते पुन्हा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले, ते आता अध्यापक म्हणून. अखेरपर्यंत ते पुण्यातच होते.

बदलीच्या नोकरीत घर, शेजार, ग्रंथसंग्रह आणि मित्रमंडळी मागे टाकावी लागतात. आकाश मात्र गावोगाव सोबत येते. रेवदंड्याच्या खाडीवर दिसणारा मृग बार्शीच्या माळावरही त्याच वेळी, जवळपास त्याच उंचीवर दिसतो. दीक्षितांच्या सर्व लेखनाच्या मुळाशी हा सर्वत्र उपलब्ध असणारा, कोणालाही न नाकारला जाणारा ठेवा आहे. शालेय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतही सृष्टीविषयीचे हे कुतूहल दिसते. १८८२ मधील ‘सृष्टचमत्कार’ या पुस्तकाचे नावच त्याची साक्ष देते.

नाव आणि दर्शन

दीक्षितांच्या काळी मराठी घरांत आकाशाची नावे रोज उच्चारली जात. पूजेच्या संकल्पात तिथी, वार आणि नक्षत्र यांचा उल्लेख येई. पंचांग घरोघरी होते. शेतकरी पावसाची नक्षत्रे मोजी. मात्र नावे तोंडपाठ असलेल्या बहुतेकांना ती नक्षत्रे आकाशात कोठे आहेत हे दाखविता येत नसे. पुष्य नक्षत्र शुभ, हे सर्वांना ठाऊक होते. पुष्याचे मंद तारे कोणते, हे सांगणारे विरळा.

‘ज्योतिर्विलास’ने हे अंतर कमी केले. तारे, नक्षत्रे, ग्रह आणि चंद्र यांची ओळख सोप्या मराठीत, गोष्ट सांगावी तशी करून देणारे हे पुस्तक १८९० च्या दशकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि मराठीतील लोकप्रिय विज्ञानलेखनाच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याला मानाचे स्थान मिळाले. वाचकाला गणित आले पाहिजे, अशी अट त्यात नाही. डोळे उघडे ठेवून नित्य वर पाहणे एवढीच तयारी पुरेशी होती.

नित्य पाहणाऱ्याला काय मिळते, याचे उदाहरण चंद्राचे आहे. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे साधारण दररोज एक नक्षत्र ओलांडतो. आज तो ज्या ताऱ्याजवळ आहे, तेथे उद्या नसतो. सलग चार रात्री त्याच वेळी, त्याच रस्त्याने फिरायला निघालेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याचे नाव पडले आहे : चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, मघांवरून माघ. एकदा हे आकाशात पाहिले की भिंतीवरच्या कॅलेंडरातील शब्दांना चेहरा मिळतो.

कृतज्ञ या शब्दात जाणणे आहे. केलेले उपकार जो जाणतो तो कृतज्ञ. दीक्षितांनी मराठी वाचकाला आकाशाविषयी भक्तीचा किंवा भीतीचा उपदेश केला नाही. त्यांनी ओळख करून दिली. जे रोज डोक्यावर आहे त्याचे नाव, स्थान आणि गती कळल्यावाचून त्याविषयी वाटणारा आदर पोकळ राहतो, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले.

पहाटेचा गुरू आणि शिलालेख

पाहण्याच्या या सवयीतून उच्च दर्जाचे संशोधन कसे उभे राहते, हे गुप्त संवताच्या प्रश्नात दिसले. गुप्त राजांचे शिलालेख आणि ताम्रपट यांत वर्षांचे आकडे होते, पण ते वर्ष कोठून मोजायचे याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. ब्रिटिश पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी गुप्तांच्या लेखांचा प्रसिद्ध खंड १८८८ मध्ये सिद्ध केला, तेव्हा त्यातील तिथींचे गणित दीक्षितांनी करून दिले.

मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. तिथी आणि वार यांचा मेळ हवा त्याच वर्षी बसावा लागतो. गणिताने तो २१ जून ४८४ या दिवशी बसला. गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-३२० मध्ये असल्याच्या निष्कर्षाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. गुप्तकाळातील राजांच्या कालक्रमासाठी हा आधार महत्त्वाचा ठरला.

याच काळातील काही ताम्रपटांत वर्षांना महावैशाख, महाआश्वयुज अशी नावे दिलेली आढळतात. ही गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील नावे. त्यांचा उलगडा करताना दीक्षितांनी गुरूच्या उदयावर आधारलेली पद्धती पुढे आणली. गुरू ग्रह वर्षातील काही आठवडे सूर्यतेजात लपतो आणि सुमारे तेरा महिन्यांतून एकदा पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतो. तो उगवतो त्या वेळी ज्या नक्षत्राजवळ असेल, त्यावरून वर्षाला नाव दिले जाई. दानपत्र लिहिणाऱ्या लेखकाच्या मागे पहाटे उठून पूर्वेकडे पाहणारा कोणीतरी होता, हे त्यातून स्पष्ट झाले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम निरीक्षकाचे काम बार्शीसारख्या गावातील एका शिक्षकाने ओळखले.

कृत्तिकांची पूर्व दिशा

दीक्षितांचे दुसरे गाजलेले संशोधन शतपथ ब्राह्मणाविषयी आहे. इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत, अशा आशयाचा उल्लेख त्या ग्रंथात आहे. तो वाचून अनेकांनी पुढचे पान उलटले असेल. आकाश ठाऊक असलेल्या दीक्षितांना त्यात कालनिर्णयाची किल्ली दिसली.

आज कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नाहीत. पुण्यातून पाहिले तर त्या पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अत्यंत संथपणे डुलतो आणि एक फेरी सुमारे सव्वीस हजार वर्षांत पुरी करतो. त्यामुळे ताऱ्यांच्या उदयाची जागा शतकानुशतके बदलत राहते. कृत्तिका ठीक पूर्वेला केव्हा उगवत होत्या, याचे गणित केले असता उत्तर येते इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. दीक्षितांनी हा निष्कर्ष १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेतून इंग्रजीत मांडला. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा वेदकाळाविषयीचा ग्रंथ त्याआधी दोनच वर्षे, १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ताऱ्यांच्या स्थानावरून प्राचीन ग्रंथांचा काळ ठरविण्याची चर्चा त्या दशकात पुण्यात ऐन भरात होती.

त्या वाक्याचा अर्थ आणि त्यावरून काढलेला काळ यांविषयी विद्वानांत पुढे बराच वाद झाला आणि तो अद्याप संपलेला नाही. तरीही प्रश्न विचारण्याची ही रीत टिकली. प्राचीनांनी पाहिलेले आकाश खरोखर पाहिलेले होते असे मानून ते गणिताने पडताळावे, हा तिचा गाभा आहे. पूर्वजांविषयीचा आदर आणि पुराव्याची शिस्त या दोन गोष्टी दीक्षितांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

ऋतूंशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह

दीक्षितांच्या आयुष्यातील मोठा सार्वजनिक संघर्ष पंचांगाचा होता. जुन्या ग्रंथांवरून केलेल्या पंचांगातील ग्रहणे आणि ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नसल्याचे एकोणिसाव्या शतकात उघड झाले होते. पुण्यातील थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणितावर आधारित पंचांग सुरू करून सुधारणेची वाट दाखविली होती. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोदक आणि दीक्षित यांनी त्यापुढे जाऊन सायन पंचांगाचा पुरस्कार केला.

हा वाद तांत्रिक वाटतो, परंतु त्याचा संबंध रोजच्या हवामानाशी आहे. निरयन पद्धतीत वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, तर सायन पद्धतीत ते ऋतूंच्या संदर्भाने मोजतात. या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. तो साठत जाऊन साधारण सत्तर वर्षांत एक दिवस होतो. मकरसंक्रांत हे त्याचे घरगुती उदाहरण. दिवस मोठा होऊ लागतो तो २१ किंवा २२ डिसेंबरपासून, पण तिळगूळ वाटला जातो तो तीनएक आठवड्यांनी. १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला होती. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. पावसाच्या नक्षत्रांचेही तसेच. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रे, त्यांतील तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, या साऱ्या तारखा हळूहळू पुढे सरकत आहेत. काही हजार वर्षे हे असेच चालू राहिले तर वसंताचा सण भर पावसाळ्यात येईल.

वसंत, शरद अशा ऋतूंना अनुसरून सांगितलेली धर्मकृत्ये त्या त्या ऋतूतच व्हायला हवीत, ही सायनपक्षाची भूमिका होती. ती स्वीकारण्यात एक मोठी किंमतही होती. सायन पंचांगात नक्षत्राचे नाव आणि आकाशातील तो तारासमूह यांची फारकत होते. ताऱ्यांवर एवढे प्रेम करणाऱ्या अभ्यासकाला हे जाणवले नसेल असे म्हणता येणार नाही. विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच होता आणि तो पोकळ नव्हता. दोन्ही बाजू तोलून दीक्षितांनी ऋतूंच्या बाजूने कौल दिला आणि आपली बाजू ग्रंथांच्या आधारे सविस्तर मांडली.

समाजाने हा कौल मानला नाही. सण-व्रतांची पंचांगे आजही प्रामुख्याने निरयनच आहेत. मात्र स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वर्षारंभ वसंतसंपाताशी, म्हणजेच ऋतूंशी जोडला गेला. दीक्षितांच्या निधनाला तेव्हा जवळजवळ साठ वर्षे झाली होती.

महाग्रंथ आणि शेवटची वर्षे

‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा दीक्षितांचा प्रमुख ग्रंथ. त्या काळी ज्योतिष या शब्दाने ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणितही समजले जाई आणि ग्रंथाचा मोठा भाग त्याविषयीचाच आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठी १८८० च्या दशकात सिद्ध झालेला हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात वेद आणि वेदांगांचा काळ आहे. दुसऱ्या भागात सिद्धांतांचा काळ, आर्यभटापासून दीक्षितांच्या समकालीनांपर्यंतचे ज्योतिषी, त्यांचे ग्रंथ आणि निरनिराळ्या प्रांतांतील पंचांगे यांचा वृत्तांत आहे. एका माणसाने, शाळेची नोकरी सांभाळून, विखुरलेल्या हस्तलिखितांच्या काळात हे काम केले. पुढे त्याचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद झाले.

त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ लंडनहून प्रकाशित झाला. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील भारतीय तिथींचे इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. शिलालेखांच्या अभ्यासकांप्रमाणेच जुन्या दस्तऐवजांतील तारखा पडताळणाऱ्या न्यायालयांनाही ती उपयोगी पडावीत, असा त्यामागे हेतू होता.

दीक्षित पुण्यात परतले तेव्हा शहरात आकाश पाहण्याची आणखी एक रीत रुजली होती. सायन्स कॉलेजच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ पासून उभी होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथे वीस इंची व्यासाची दुर्बीण आली होती आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला तिचे प्रमुख होते. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि कॅमेऱ्याच्या साहाय्याने त्या जेमतेम दोन मिनिटांच्या अंधाराच्या नोंदी टिपल्या. आकाशाच्या छायाचित्रणाचा महाराष्ट्रातील हा एक आरंभीचा महत्त्वाचा प्रसंग. एकाच शहरात एकाकडे दुर्बीण आणि कॅमेरा होता, दुसऱ्याकडे डोळे, पोथ्या आणि कोष्टके होती. नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

जेऊरच्या ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये दीक्षित यांचे पुण्यात निधन झाले. मुख्य ग्रंथ छापून जेमतेम दोन वर्षे झाली होती. भारतातील प्राचीन भूगोलाविषयीचे त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

शहराच्या छपरांवरचे आकाश

दीक्षितांनंतर पुणे हे आकाशाचा आणि हवेचा अभ्यास करणारे शहर म्हणून वाढत गेले. भारतीय हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली आणि टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरातून तिने अनेक पिढ्यांना तारे दाखविले. १९८८ मध्ये ‘आयुका’ ही संस्था आली. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

त्याबरोबर दिव्यांचा झगमगाटही वाढला. दीक्षितांना शहरातून सहज दिसत असतील असे अनेक मंद तारे आज पेठांतून दिसत नाहीत आणि आकाशगंगेसाठी गाडी काढून घाटापलीकडे जावे लागते. तरीही सारे हरवलेले नाही. चंद्राचा नक्षत्रांतील प्रवास दिव्यांच्या उजेडातही दिसतो. गुरू आणि शुक्र दिसतात. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य ठीक डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी मोबाइलने टिपलेली मावळतीची छायाचित्रे सहा महिन्यांनी ओळीने लावली, तर मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसणारे सूर्याचे सरकणे पर्वतीच्या टेकडीवरूनही दिसते. त्यासाठी लागणारा वेळ आजही दोन घटकांहून कमीच आहे.

कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेकडे, किंचित उत्तरेला, कृत्तिकांचा लहानसा पुंजका उगवतो. शहरातून त्यातील पाच-सहा तारे मोजता आले तरी पुष्कळ. ठीक पूर्वेपासून तो किती ढळला आहे, हे पाहून पाच हजार वर्षांचा हिशेब मांडता येतो, ही गोष्ट दीक्षितांनी मराठी माणसाला दाखवून दिली आहे.